रिठ्यात धुतलेली पिसं

आधी तुमच्या मनातली शंका मिटवून टाकते. मी मासे खात नाही. आयुष्यात एकही मासा धरलेला नाही आणि धरायची इच्छाही नाही. तरी २००१ ते २००८ अशी सात वर्षं मी अमेरिकेत माशांना फसवण्याचं काम केलं, तेही पगार घेऊन. त्याआधी सांगलीला मुलींच्या शाळेत नऊ वर्षं शिवणाच्या बाई होते. पण आज कुणी ‘तुम्ही काय करत होता?’ असं विचारलं की तोंडातून आधी माशाचंच निघतं. आमचे हे मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगायचे, “लोक माश्या मारतात, आमची ही माश्या बांधते.” सगळे हसायचे. मग जेवणाच्या रांगेत एखादी जवळ सरकून हळूच विचारायची, “शैलाताई, म्हणजे नक्की करता काय हो?”

तर नक्की काय ते सांगते. ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि किडे खातो. हे किडे नदीच्या तळाशी दगडांखाली वाढतात. वसंतात एखाद्या दुपारी ते हजारोंनी वर येतात आणि पंख वाळेपर्यंत पाण्यावरून वाहत जातात. मासा खालून बघत असतो, तो अलगद तोंड वर काढून त्यांना उचलतो. आता एवढ्याशा जिवाला गळ टोचणार कसा? म्हणून गळावरच किडा बांधायचा, पिसांचा, केसांचा, लोकरीचा. त्याला तिकडे फ्लाय म्हणतात, मी माशी म्हणते. गळ टेबलाला बसवलेल्या छोट्या शिकंज्यात धरायचा आणि बॉबिनमधून येणाऱ्या बारीक दोऱ्याने एकेक वस्तू त्यावर आवळत जायची. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे ताठ तंतू पायांसारखे उभे राहतात आणि माशी पाण्यावर तरते. अंगाला सशाच्या कानाची लव किंवा मोरपिसाचे तंतू, पंखांना हरणाचे केस. हरणाचा केस आतून पोकळ असतो, त्यामुळे बुडत नाही. हे सगळं करायचं ते मेथीच्या दाण्याएवढ्या जागेत.

मी या धंद्यात शिरले ती साडीच्या फॉलमुळे. यांची नोकरी धरणावर, इंजिनिअरची. त्यामुळे आम्ही राहायचो कॅटस्किलच्या डोंगरात, न्यू यॉर्क शहरापासून अडीच-तीन तासांवर. गावात एक पोस्ट, एक पंप, दोन चर्च आणि नदी. मुक्ता, आमची लेक, कॉलेजला गेली आणि घर खायला उठलं. वाणसामानाला न्यू जर्सीतल्या आयसेलिनला, आपल्याकडच्या दुकानांत, जायचं तेसुद्धा दोन महिन्यांतून एकदा. अशात एका साडीचा फॉल उसवला. दोरा आणायला जवळ दुकान नाही. गावातल्या एका दुकानाच्या काचेत मात्र दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे मांडलेली दिसली, म्हणून साडी काखोटीला मारून आत शिरले. आत सगळीकडे पिसं, कातडी आणि गळ.

काउंटरमागे वॉल्टर होता. सत्तरीचा, उंच, थोडा वाकलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मराठीत मी त्याला ‘अहो’ म्हटलं असतं, इंग्रजीने ती सोय ठेवली नाही. त्याने माझं ऐकून घेतलं, साडी उलगडली आणि फॉल राहिला बाजूला, पदरावरचा कशिदा बघत बसला.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“भिंग लावून?”

“नाही हो, नुसत्या डोळ्यांनी.”

त्याने मला शिकंज्यासमोर बसवलं. माझी पहिली माशी म्हणजे चपलेखाली आलेलं झुरळ. ती त्याने उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, “माशी वाईट आहे. पण दोरा तुझं ऐकतो. सोमवारी ये.” शिवाय फॉलसाठी दोराही दिला.

पहिल्या सोमवारी घरी येऊन मी डोक्यावरून अंघोळ केली. कोंबड्याच्या मानेचं आख्खं कातडं पिसांसकट हातात घ्यायचं म्हणजे माझ्यासारखीला शिसारीच. आमच्याकडे अंडंसुद्धा मुक्ता झाल्यावर आलं. पण पंधरा दिवसांत ते कातडं मला भरतकामाच्या रेशमासारखं दिसायला लागलं, आणि कुठलं पीस कुठल्या नंबरच्या गळाला हे न मोजता कळायला लागलं. मनाची टोचणी वॉल्टरने कमी केली. त्याच्याकडचे बहुतेक लोक मासा धरून परत पाण्यात सोडतात. “आम्ही त्याला फक्त त्रास देतो,” तो म्हणायचा. याने माझं पूर्ण समाधान झालं असं नाही, पण काम सोडवेना.

या डोंगरात हा धंदा शंभर वर्षांहून जुना, असं वॉल्टर सांगायचा. पूर्वी घरोघरी पुढच्या खोलीत माश्या बांधल्या जायच्या, आणि त्या बहुतेक बायका बांधायच्या. नवरा नदीवर आणि दुकानात, बायको शिकंज्यासमोर, आणि पाटीवर नाव नवऱ्याचं. मी म्हटलं, “यात नवीन काय? आमच्याकडे पापड-लोणच्यांच्या दुकानांचं तेच.” यावर तो हसला नाही. त्याची बायको डॉरथी मी यायच्या सहा वर्षं आधी गेली होती. तिचा विषय तो काढत नसे आणि मीही विचारला नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक डॉक्टर यायचे, ते माशी विकत घेण्याआधी जिभेवर ठेवून बघायचे. एक आजी फक्त कानातल्यांसाठी माश्या न्यायच्या. आणि एकदा चक्क आपल्याकडचा एक मुलगा आला, निखिल. मूळचा पुण्याचा, न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर. गणपतीत कोणीतरी त्याला माझं सांगितलं होतं.

“काकू, टोटल सेटअप घेतलाय,” गाडीची डिकी उघडून तो म्हणाला. काठी, चक्र, रबरी विजार, वीस खिशांचं जाकीट, सगळ्याला लेबलं तशीच. “आता फक्त गॅरंटीड माशी द्या, बाकी मी मॅनेज करतो.”

मी त्याला बाकावर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, खाणं वरून वाहत येतं म्हणून. तेव्हा तू त्याच्या मागून, खालच्या बाजूने जा. सूर्य असा ठेव की तुझी सावली पाण्यावर पडणार नाही. तो लाल शर्ट बदल. माशी प्रवाहाबरोबर आपली आपण वाहू दे, दोरीने ओढली गेली तर माशाला लगेच कळतं, किडे असे ओढले जात नाहीत. मासा लागलाच तर आधी हात ओले कर आणि मग धर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तू सोडून दिलेला मासा चार दिवसांनी मरतो. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की काठी घरात ठेव, तेव्हा त्याला आधीच धाप लागलेली असते. आणि आज पहिला तासभर पाण्यात पाय घालायचा नाही, नुसतं बघायचं.

“नुसतं बघायचं? काकू, सिरीयसली? तीन तास ड्राइव्ह करून आलोय यार.”

“मग एक तास बसायला हरकत नाही.”

मी स्वतः कधी नदीत उतरले नव्हते, हे मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी तो आला तेव्हा चार माश्या झाडांना अडकवून आला होता, विजार गुडघ्यावर फाटली होती आणि मासा एकही नाही. पण चेहरा असा, की मला वाटलं लॉटरी लागली. “काकू, दिसला,” तो म्हणाला. “दगडाच्या मागे उभा होता, हालतसुद्धा नव्हता. मग वर आला, तोंड उघडलं आणि परत तिथेच. मी अर्धा तास त्यालाच बघत होतो.” वॉल्टरने त्याला कॉफी दिली आणि अडकलेल्या चार माश्यांच्या जागी चार नव्या दिल्या.

वॉल्टरच्या हातांचं मला २००३ च्या हिवाळ्यात कळलं. त्याआधी काही महिने तो बांधायचं काम मागच्या खोलीत न्यायला लागला होता. मला वाटलं उजेडासाठी. एक दिवस आतून दोरा तुटल्याचा आवाज आला. या दोऱ्याचा आवाज तो काय, पण ज्याच्या कानाला सवय असते त्याला येतो. पुन्हा तुटला. पुन्हा. पाचव्यांदा तुटला तेव्हा मी आत गेले. तो उजवा हात डाव्या हाताने टेबलावर दाबून बसला होता आणि दाबलेला हात तरीही हलत होता.

“डॉक्टर म्हणतात वाढत जाणार,” तो म्हणाला.

मी शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्याची अर्धवट माशी पूर्ण केली. आमचं ठरलं ते एवढंच. बोलणं झालं नाही, शपथ झाली नाही. तेव्हापासून वॉल्टरच्या माश्या मी बांधायला लागले. डबीवर छापील कार्ड असायचं, ‘वॉल्टरच्या हातची’, ते तसंच राहिलं. दुकानात तो खिशात हात घालून उभा राहायचा आणि सल्ले द्यायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा जरा ऐटीत आलाय. आपल्यानंतर आपलं काम चांगल्या हातात आहे, एवढं त्याला पुरे होतं. लोकांच्या नजरेत मात्र हात त्याचेच राहायला हवे होते. मला हे पटत होतं. माझं नाव डबीवर नाही याचं वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. २००४ च्या ऑक्टोबरात वॉल्टर दोन आठवड्यांसाठी मुलीकडे ओहायोला गेला. दिवाळी जवळ आली होती. घरची साफसफाई करून झाली, तरी माझे हात थांबेनात. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. दुकान रिकामं, हंगाम संपलेला. मी कपाटं ओढली, कागद बदलले, कोंबड्याच्या माना झटकून त्यांना ऊन दाखवलं. शेवटी एका खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आत लहान लहान करडी पिसं, शेकडो. तुपाचा हात लागावा तशी तेलकट, आणि वास कुबट. मला गलबलून आलं. बिचाऱ्याच्या हातून आता एवढीही स्वच्छता होत नाही, असं मनात आलं.

आयसेलिनहून आणलेले रिठे घरात होतेच. रेशीम असो, लोकर असो, माझ्या आईने दुसरं काही लावलं नाही. रिठे भिजवले, कोमट पाण्यात फेस केला, पिसं दोनदा धुतली, तीनदा खळबळली आणि मलमलीच्या जुन्या ओढणीवर सावलीत पसरली. काय फुलली म्हणून सांगू. करड्या रंगाला मोत्यासारखी झाक आली. डबा घासून, आत नवा कागद घालून मी ती परत ठेवली आणि स्वतःवर खूश झाले.

त्या हिवाळ्यात वॉल्टर म्हणाला, “या वर्षी करडी माशीही तूच बांध.” ही त्याची खास. तोवर ती एकटी त्याने स्वतःकडे ठेवली होती, दहा-दहा वेळा दोरा तोडून, डझनाला आठवडा लावून. आता तेही होईना. पिसं त्या डब्यातली. मी सोळा डझन बांधल्या. इतकी सुंदर मऊ पिसं मी हाताळली नव्हती. वॉल्टरने त्या लांबून पाहिल्या आणि मान डोलावली. मार्चपासून गिऱ्हाइकं नेत गेली.

मे महिन्यात एका शनिवारी फ्रँक आला. फ्रँक म्हणजे शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. घसा मोठा, मन त्याहून मोठं, वॉल्टरचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. दुकानात पाच-सहा माणसं होती. त्याने डबी काउंटरवर ठेवली.

“वॉल्टर, या बुडतात.”

“काय म्हणतोस?”

“टाकली की बुडाली. सगळ्या. मासे माझ्या पायाशी वर येत होते, आणि माझ्या माश्या दगडासारख्या खाली. तुझ्या हातची माशी बुडते, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.”

वॉल्टरने खिशातले हात काढले नाहीत. म्हणाला, “चूक माझी आहे, फ्रँक. पिसं निवडताना नजर चुकली असेल. दुसऱ्या ने.” फ्रँकने मान हलवली, पण ज्या नजरेने तो वॉल्टरकडे बघत होता ती माझ्या अजून लक्षात आहे. आपल्या वडिलांना पहिल्यांदा रस्ता चुकताना बघावं तशी.

गर्दी ओसरल्यावर वॉल्टरने तो डबा मागवला. एक पीस बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

“साबण?”

“रिठा,” मी म्हटलं. मग रिठा म्हणजे काय ते सांगावं लागलं.

त्याने डबा बंद केला आणि समजावून सांगितलं. ही पिसं बदकाच्या शेपटीच्या बुडाची. तिथे तेलाची एक गाठ असते. बदक चोचीने ते तेल अंगभर फासतं, म्हणून दिवसभर पाण्यात राहून कोरडं राहतं. त्या पिसांची सगळी किंमत त्या तेलात. मी ते तीन पाण्यांत खळबळून काढलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मी तुला सांगितलं नव्हतं, तेव्हा चूक माझी,” तो म्हणाला. “आणि धुतली मात्र तू फार छान आहेस. फक्त फ्रँकला काही सांगू नकोस. कोणालाच नको.”

मी हो म्हटलं. आणि चार दिवस पाळलं. पण पोस्टात कानावर यायला लागलं. वॉल्टरची नजर गेली. वॉल्टरचं वय झालं. आता शहरातून मागवलेल्या बऱ्या. पन्नास वर्षांचं त्याचं नाव माझ्या रिठ्यापायी चाललं होतं आणि मी तिथे रांगेत उभी राहून तिकिटं घेत होते. पाचव्या दिवशी फ्रँक पोस्टाबाहेर भेटला. मी त्याला सांगून टाकलं, पिसं मी धुतली, वॉल्टरचा काही संबंध नाही.

फ्रँक हसायला लागला. मग थांबला. “पण बांधताना त्याच्या लक्षात कसं आलं नाही? त्याला तर डोळे मिटून कळलं असतं.”

इथे मला गप्प बसता आलं असतं. काहीतरी थाप मारता आली असती. शाळेत नऊ वर्षं मुलींना खरं बोला म्हणून बजावलेलं, ते नको तिथे आडवं आलं. “त्या मी बांधल्या,” मी म्हटलं. “दीड वर्ष झालं, जवळजवळ सगळ्या मीच बांधते. त्याचे हात थरथरतात.”

आठवड्याच्या आत गावाला कळलं. फ्रँकने मुद्दाम पसरवलं नसेल, पण मोठ्या घशाच्या माणसाला कुजबुजता येत नाही. लोक दुकानात येऊन वॉल्टरच्या खिशांकडे बघायला लागले. त्याच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागले, जणू कानही गेलेत. एकीने त्याच्यासाठी केक आणला.

त्या गुरुवारी दुकान बंद करताना वॉल्टर म्हणाला, “तू सांगितलंस.”

“मला वाटलं, त्यांनी तुला बोल लावू नये.”

“पन्नास वर्षं लोक माझ्याकडे विचारायला येत होते. आता माझी विचारपूस करायला येतात.” त्याने किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. “दुकान तू बघ.”

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलत नव्हता. मी उघडत होते, विकत होते, बंद करत होते. मागच्या खोलीत त्याची खुर्ची होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याचं गुपित त्याने माझ्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि मी भल्यासाठी म्हणून ते चव्हाट्यावर मांडलं. आमचे हे म्हणाले, “तू खोटं तर बोलली नाहीस.” मी म्हटलं, “तेच तर.” रविवारी उपमा करून त्याच्या घरी गेले, त्याला आवडायचा. त्याने दार उघडलं, पातेलं घेतलं, “थँक्यू” म्हणाला आणि दार लावलं. मंगळवारी पातेलं दुकानाच्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलेलं मिळालं, लख्ख घासून, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. गाडीत बसून मी मनसोक्त रडले.

दरवर्षी मेच्या शेवटच्या शनिवारी वॉल्टर दुकानाच्या काचेपाशी बसून लोकांसमोर माशी बांधायचा. लांबून लांबून माणसं यायची. गेल्या वर्षी त्याने सर्दीचं कारण सांगून टाळलं होतं. या वर्षी मी आपणहून त्या कार्यक्रमाचा दारावर लावलेला कागद काढून टाकला. शुक्रवारी फोन वाजला.

“दारावरचा कागद कुठे गेला?”

“काढला मी.”

“लाव.”

एवढंच. मी लावला.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. माझ्याशी बोलला नाही. टेबल त्याने स्वतः ओढून काचेपाशी घेतलं, शिकंजा बसवला. तीस-पस्तीस माणसं तरी असतील. फ्रँक सगळ्यांत मागे, दाराशी, अंग चोरून उभा. वॉल्टरने त्याला बोटाने पुढे बोलावलं आणि अगदी समोरच्या स्टुलावर बसवलं. मग दोन्ही हात खिशांतून काढून टेबलावर ठेवले. ते हलत होते आणि टेबलावरची कात्री किणकिणत होती.

“तुम्ही हे बघायला आलात ना?” तो म्हणाला. “बघून घ्या. मग माशी बघा.”



गळ शिकंज्यात बसवायलाच त्याला पाच मिनिटं लागली. दोरा चढवला, तुटला. पुन्हा चढवला. मी नकळत पुढे झाले, तर त्याने न बघता मान हलवली. मी जागेवर थांबले. शेपटी बसली, वाकडी. लव दोऱ्यावर पिळताना निम्मी खाली सांडली. तो श्वास रोखायचा, दोन वेढे घ्यायचा, श्वास सोडायचा, मनगट टेबलाच्या कडेवर टेकून पुन्हा दोन वेढे. घाम कानामागून कॉलरमध्ये जात होता. माणसं उभीच होती, एकानेही घड्याळ पाहिलं नाही. फ्रँकचे ओठ वॉल्टरच्या प्रत्येक वेढ्याबरोबर घट्ट मिटत होते.

“तुम्ही माझ्या माश्यांच्या अंगाचं फार कौतुक करायचात,” वॉल्टर काम न थांबवता बोलायला लागला. “किती बारीक, किती सारखं. तीस वर्षं ती अंगं डॉरथी करायची. मी नुसती पिसं गुंडाळायचो आणि कार्ड लावायचो. तुम्ही मला शाबासकी द्यायचात आणि मी घ्यायचो. ती इथेच उभी असायची, कॉफी देत. मी एकदाही सांगितलं नाही. सांगेन म्हणत होतो.” दोरा तुटला. त्याने पुन्हा चढवला. “ती गेल्यावर अंगं जाड व्हायला लागली, तेव्हा मी म्हणायचो, नवी तऱ्हा आहे. तुम्ही तेही मानलंत.”

फ्रँक खाली बघत होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात उचलवत नव्हता.

“आता हिचं,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे मान केली. “चार वर्षांपूर्वी ही बाई साडी घेऊन दोरा मागायला आली. आज या भागात हिच्याइतकी नीट माशी बांधणारं कोणी नाही, माझ्या चांगल्या दिवसांतला मी धरून. हिने एकदा पिसं धुतली. मी याहून मोठ्या चुका केल्यात, त्या मला डब्यांत भरून विकता आल्या, एवढाच फरक.”

पाऊण तास झाला होता. शिकंज्यात एक माशी उभी होती. शेपटी वाकडी, अंग गाठीगाठींचं, पण पंख सरळ. फक्त शेवटची गाठ उरली होती. ती मारताना दोरा दोन बोटांवर ताणून धरून गळाच्या नेढ्यामागे पाच वेढे घ्यायचे असतात, आणि ताण क्षणभरही सैल होऊन चालत नाही. त्याने एकदा केलं, सुटलं. दुसऱ्यांदा केलं, पिसाचा शेवटचा वेढा उलगडायला लागला. त्याने दोरा ताणून धरला आणि थांबला. हात आता कोपरापासून हलत होता.

“शैला,” तो म्हणाला.

मी त्याच्या मागून वाकून दोरा धरला. क्षणभर आम्ही दोघांनी तो धरलेला होता, आणि त्याची थरथर दोऱ्यातून माझ्या बोटांत येत होती.

“मी अजून तुझ्यावर रागावलोय,” तो फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला.

“माहीत आहे.”

“घट्ट मार.”

त्याने दोरा सोडला, आणि मी गाठ मारली.